माणूस चित्रे का काढतो?

(रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी व अभ्यासमंडळांसाठी)

शास्त्रपाठ : निर्गम २०:४-५, ३१:१-११, ३२:१-६, ३५:२०-३५, लूक १०:२५-३७

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या मंडळीच्या रविवारच्या शाळेतील मधला वर्ग माझ्याकडे होता. चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त सांगून झाला, दहा मिनिटे उरली, म्हणून मी मुलांना कागद वाटले व गोष्टीचे चित्र काढावयास सांगितले. बहुतेकांनी गाढव काढले, पागोटे घातलेला माणूस काढला, दोन खजुरीची झाडे काढली. कारण वर्गाच्या भिंतीवरील तक्त्यात तसेच होते. एका मुलीने मात्र सायकल काढली. मागच्या कॅरिअरवर कसाबसा बसवलेला एक माणूस, त्याच्या डोक्याला गुंडाळलेले फडके, आणि सायकल हाताने धरून पायी चालणारा दुसरा माणूस. पाठीमागे डांबरी रस्ता व पाऊस. मी कागद हातात घेतला, हसलो आणि म्हणालो, "अगं, यरीहोच्या वाटेवर सायकल कुठली? गाढव काढ." ती काही बोलली नाही. तिने खोडरबर घेऊन सायकल पुसली. गाढव काही तिला जमले नाही.

दोनएक महिन्यांनी त्यांच्या घरी प्रार्थनेस गेलो असता बोलता बोलता कळले की, मागच्या पावसाळ्यात तिच्या वडिलांनी रस्त्यात पडलेल्या एका अनोळखी माणसाला आपल्या सायकलवर बसवून पाच-सहा किलोमीटर दवाखान्यापर्यंत नेले होते. त्या दिवशी माझ्या वर्गात दृष्टान्त कोणाला समजला असेल तर तो त्या मुलीला. आणि तोच मी तिला पुसायला लावला होता.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. माणूस चित्र काढतो तो कशासाठी? आणि चित्रात जे दिसते ते खरोखर कशाचे असते? शिवाय आपल्या मंडळ्यांतून एक जुनी शंका वेळोवेळी विचारली जाते : दुसरी आज्ञा लक्षात घेता आपण चित्रांच्या वाटेला जावे की न जावे? ह्या तिन्ही प्रश्नांचा आज थोडा क्रमाने विचार करू.

१. पोट भरते ते, आणि मन भरते ते

भोपाळच्या दक्षिणेस, रायसेन जिल्ह्यात, भीमबेटका म्हणून खडकाळ टेकड्यांचा प्रदेश आहे. इंदूर-उज्जैनकडील आपल्या वाचकांपैकी काहींनी तो पाहिलाही असेल. १९५७ साली उज्जैनचे विष्णु श्रीधर वाकणकर आगगाडीने जात असता त्यांना खिडकीतून ते खडक दिसले. वाकणकर पुराणवस्तूंचे अभ्यासक होते, तसेच स्वतः चित्रकारही होते. त्यांनी तेथे जाऊन शोध घेतला, तेव्हा खडकांच्या आडोशाला चित्रेच चित्रे आढळली. गवे, हरणे, हत्ती, रानडुकरे. धनुष्य घेतलेले शिकारी. एका रांगेत नाचणारी माणसे. आणि पुष्कळ नंतरच्या काळातील घोडेस्वार. रंग बहुधा तांबडा किंवा पांढरा. कित्येक ठिकाणी जुन्या चित्रांवरच पुढच्या पिढ्यांनी आपली चित्रे काढलेली आहेत. ह्यांतील जुनी चित्रे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. २००३ साली हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत घेतले गेले.

ज्यांच्या अंगावर धड वस्त्र नाही, ज्यांचे उद्याचे अन्न निश्चित नाही, अशा माणसांना खडकावर हरिण रंगवण्यास सवड कशी झाली? शिकार चांगली मिळावी म्हणून ते करीत असतील, असे काहींनी म्हटले आहे. ते काही अंशी खरे असेलही. पण फ्रान्समधील लास्को नावाच्या गुहेचा दाखला येथे विचार करण्यासारखा आहे. ही गुहा १९४० साली काही मुलांना सापडली. तिच्यातील चित्रे सुमारे सतरा हजार वर्षांपूर्वीची मानतात. तेथे सापडलेल्या हाडांवरून असे दिसते की, ते लोक मुख्यतः रेनडिअर जातीचे हरिण खात असत. परंतु भिंतीवर काढलेली आहेत ती घोडे, बैल व इतर जनावरे. शेकडो चित्रांत रेनडिअर जेमतेम एक.

म्हणजे त्यांनी जे खाल्ले ते काढले नाही. जे मनात भरले ते काढले. ज्या घोड्याची धाव पाहून श्वास रोखला गेला, ज्या बैलाच्या शिंगांपुढे पाय लटपटले, तो घोडा व तो बैल रात्री गुहेत बसल्यावरही डोळ्यांपुढून हलेना, म्हणून त्यांनी तो भिंतीवर उतरवला. माणूस चित्र का काढतो ह्याचे पहिले उत्तर असे : जे पाहिले ते आपल्यापुरते ठेवून त्याचे समाधान होत नाही. ते दुसऱ्याला दाखवल्यावाचून त्याला राहवत नाही.

२. प्रसंग पुरा व्हावा म्हणून

दुसरे उत्तर आपल्या जवळचेच आहे. डहाणू-तलासरीकडील वारली लोकांच्या घरी लग्न असते तेव्हा सवाशिणी गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मध्ये त्यांची देवी, भोवती झाडे, पाखरे, माणसे. हा चौक लिहिल्यावाचून लग्न लागत नाही. तो शोभेसाठी नसतो. लग्न आटोपल्यावर भिंत पुन्हा सारवली जाते आणि चित्र जाते. ते टिकावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. जिव्या सोमा मशे ह्यांनी ही चित्रे कागदावर व कापडावर आणली आणि देशोदेशी नेली. त्यांस २०११ साली पद्मश्री मिळाली; २०१८ साली ते वारले. त्यांच्या चित्रांत भातलावणी आहे, मासेमारी आहे, तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरून नाचणारे सारे गाव आहे.

तो विधी आपला नव्हे. परंतु त्यातील एक गोष्ट आपणांस समजण्यासारखी आहे. आपल्याही घरी नाताळच्या आदल्या रात्री अंगणात रांगोळी घातली जाते, घरावर ताऱ्याचा कंदील चढतो. दुसऱ्या दिवशी रांगोळी पुसली जाणार हे माहीत असूनही घरची मुलगी तासभर गुडघे टेकून ती घालते. ती का घालते असे विचारले तर तिला सांगता यायचे नाही. पण ती घातली नाही तर सण आल्यासारखा वाटत नाही. आयुष्यातील मोठा प्रसंग नुसता येऊन जाऊ नये, त्याला काही रूप यावे, म्हणूनही माणूस चित्र काढतो.

३. तीच कुंडले

आता शास्त्राकडे येऊ. निर्गमाच्या ३१व्या व ३२व्या अध्यायांत कारागिरीच्या दोन कथा लागोपाठ आल्या आहेत. त्या एकत्र वाचल्या पाहिजेत.

३१व्या अध्यायात बसालेलाची निवड आहे. देव मोशेला त्याचे नाव सांगतो, बापाचे सांगतो, आज्याचे सांगतो, वंश सांगतो. आणि आपण त्याला आपल्या आत्म्याने भरले आहे असे सांगतो. ज्या मनुष्याविषयी देवाने स्वतः असे म्हटले असा शास्त्रातील हा पहिलाच मनुष्य. आणि तो संदेष्टा नाही, याजक नाही, राजा नाही. तो सोने, रुपे, पितळ, लाकूड व रत्ने ह्यांवर काम करणारा कारागीर आहे. त्याच्या जोडीला अहलियाब. पुढे ३५:३४ मध्ये आणखी एक बारीक गोष्ट आहे : ह्या दोघांना दुसऱ्यांस शिकवण्याचीही बुद्धी दिली होती. शिक्षकांनी ही ओळ खूण करून ठेवावी.

३२व्या अध्यायात लोक अहरोनाकडे येतात. मोशेला डोंगरावरून उतरण्यास उशीर झाला आहे, लोक घाबरले आहेत, आणि आपल्यापुढे चालणारे काहीतरी त्यांना हवे आहे. अहरोन त्यांच्या कानांतील सोन्याची कुंडले मागून घेतो व वासरू घडवतो. पुढे मोशे जाब विचारतो तेव्हा त्याचे उत्तर मोठे मासलेवाईक आहे : आपण सोने विस्तवात टाकले आणि हे वासरू बाहेर आले, असे तो सांगतो (३२:२४). जणू काही घडवणारा कोणी नव्हताच!

ह्यानंतर ३५:२२ वाचा. निवासमंडपासाठी लोक अर्पणे आणतात, त्यांत पुन्हा कुंडले आहेत, आंगठ्या आहेत, सोन्याचे दागिने आहेत. लोक तेच, सोने त्याच जातीचे, हातोडीही तशीच. एकदा त्याचे वासरू झाले आणि एकदा निवासमंडपाची सामग्री झाली. दयासनावर तर देवाच्या आज्ञेनेच पंखधारी करूब घडवले गेले (२५:१८-२०). तेव्हा दुसऱ्या आज्ञेचा अर्थ आकार घडवूच नये असा असता, तर तोच देव चार-पाच अध्यायांनंतर करूब घडवण्यास सांगता ना. आज्ञेचा रोख चौथ्या व पाचव्या वचनांत मिळून आहे : आकार घडवून त्याच्या पाया पडणे, त्याची सेवा करणे.

पितळेच्या सर्पाची कथा हेच अधिक स्पष्ट करते. रानात तो देवाच्या सांगण्यावरून घडवला गेला व त्याच्याकडे पाहून लोक वाचले (गणना २१:४-९). शेकडो वर्षांनी लोक त्याच सर्पापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला (२ राजे १८:४). सर्प बदलला नव्हता. पाहणाऱ्यांची नजर बदलली होती. पूर्वी ती सर्पाच्या द्वारे देवाकडे जात होती, आता ती सर्पापाशीच थांबत होती.

कोणत्याही चित्राविषयी आपण हाच प्रश्न विचारावा. हे चित्र आपल्या पलीकडे कोणाकडे बोट दाखवते, की स्वतःपाशीच धरून ठेवते?

४. फरात नदीकाठची एक मंडळी

पहिल्या ख्रिस्ती लोकांनी चित्रे काढली काय? काढली. सिरियात फरात नदीच्या काठी दूरा-युरोपोस म्हणून रोमी सैन्याचे ठाणे असलेले शहर होते. सुमारे इ. स. २५६ मध्ये इराणच्या सैन्याने ते घेतले व ते ओस पडले. वेढ्याच्या वेळी तट बळकट करण्यासाठी तटालगतची घरे मातीने भरून टाकण्यात आली होती. त्यामुळे त्यांच्या भिंती सुरक्षित राहिल्या. १९३०च्या सुमारास उत्खनन झाले तेव्हा त्या ओळीत एक साधे घर निघाले, जे ख्रिस्ती मंडळीने उपासनेसाठी बदलून घेतले होते. त्यातील एका लहान खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड आहे आणि भिंतींवर चित्रे आहेत : मेंढरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ, बाज उचलून चालू लागलेला पक्षघाती, पाण्यावर चालणारा पेत्र, विहिरीवरची स्त्री, कबरेकडे चाललेल्या स्त्रिया. येशू येथे दाढी नसलेला तरुण आहे. ही चित्रे आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

ती काही फार कसबी हातांची नाहीत. परंतु ती कोणत्या खोलीत आहेत हे ध्यानात घ्या. नवा विश्वासणारा पाण्यात उतरणार, त्या वेळी त्याच्या डोळ्यांपुढे काय असावे? पाण्यात बुडू लागलेला पेत्र व त्याला धरणारा हात. त्या मंडळीने चित्र पूजण्यासाठी काढले नाही. भिणाऱ्या माणसास धीर यावा म्हणून काढले.

त्याच शहरात, तटाच्या त्याच बाजूस, यहूदी लोकांचे सभास्थान निघाले. ज्यांना दुसरी आज्ञा पाठ होती त्या लोकांच्या सभास्थानाच्या भिंती वरपासून खालपर्यंत चित्रांनी भरलेल्या आहेत : नदीतून उचलून घेतलेला बाळ मोशे, तांबड्या समुद्रातून जाणारे लोक, यहेज्केलाच्या खोऱ्यातील अस्थी. देवाचे रूप मात्र कोठेही नाही. वरून खाली आलेला फक्त एक हात दिसतो. चित्र कोठवर न्यावे व कोठे थांबवावे, हे त्या चित्रकारांस ठाऊक होते.

५. सुधारकांचे म्हणणे

पुढे मध्ययुगात चित्रांचा उपयोग वाढला, तसा दुरुपयोगही वाढला. सुमारे इ. स. ६०० मध्येच मार्सेच्या बिशपाने, लोक चित्रांची पूजा करतात हे पाहून, ती फोडून टाकली होती. रोमचा बिशप ग्रेगरी ह्याने त्याला लिहिले की, पूजा थांबवलीस हे ठीक, पण चित्रे फोडावयास नको होती. ज्यांना वाचता येत नाही ते भिंतीवर वाचतात.

सोळाव्या शतकात हा वाद पुन्हा पेटला. झुरिक येथे झ्विंगलीच्या काळी, १५२४ साली, चर्चमधील चित्रे व मूर्ती काढून टाकण्यात आल्या. विटेनबर्ग येथे लोकांनी मोडतोड आरंभली तेव्हा मार्टिन ल्यूथर १५२२ साली परत आला व त्याने उपदेश करून ती थांबवली. लाकडातील मूर्ती फोडून मनातील मूर्ती फुटत नाही, असे त्याच्या म्हणण्याचे तात्पर्य. त्याचे संपूर्ण शास्त्राचे जर्मन भाषांतर १५३४ साली छापले गेले, तेव्हा त्यात शंभरावर चित्रे होती. आणि कॅल्विन, ज्याला आपण ह्या बाबतीत सर्वांत कडक समजतो, तोही चित्रकला व शिल्पकला ही देवाचीच दाने आहेत असे लिहितो. त्याची अट एवढीच की, देवाचे रूप काढू नये; डोळ्यांना दिसू शकते ते काढावे.

ह्या अटीचा एक परिणाम कोणाला अपेक्षित नव्हता. हॉलंडमधील चर्चच्या भिंती पांढऱ्या झाल्या आणि तेथील चित्रकारांची नजर घराकडे, बाजाराकडे, शेताकडे वळली. दूध ओतणारी मोलकरीण, टेबलावरची भाकर, ढगाळलेले आकाश ह्यांचीही चित्रे होऊ लागली. देवाने निर्माण केलेले साधे जग पाहण्यासारखे आहे, हे त्या पिढीने जगाला दाखवले.

६. रेंब्रांटचा उधळ्या पुत्र

त्याच देशात रेंब्रांट (१६०६-१६६९) होऊन गेला. त्याचे उधळ्या पुत्राच्या परतण्याचे मोठे चित्र, सुमारे पुरुषभराहून उंच, रशियात सेंट पीटर्सबर्ग येथील हर्मिटाज संग्रहालयात आहे. छापील प्रत मिळाली तर वर्गात जरूर दाखवा.

मुलगा आपल्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसला आहे. त्याचे डोके भादरलेले आहे. एका पायातील जोडा गळून पडला आहे आणि मळलेला उघडा तळवा आपल्या बाजूला आहे. दुसऱ्या पायातील जोडा फाटका आहे. कमरेला एक लहान कट्यार मात्र अजून आहे. सारे विकून झाले, एवढे राहिले. मुलाचा चेहरा जेमतेम दिसतो. दिसतात ते बापाचे दोन हात, मुलाच्या पाठीवर ठेवलेले. बापाची दृष्टी मंदावल्यासारखी आहे. तो डोळ्यांनी पाहण्यापेक्षा हातांनीच मुलाला ओळखत आहे असे वाटते. उजव्या बाजूस एक माणूस हात जुळवून ताठ उभा आहे. तो थोरला भाऊ, असे बहुतेक जण मानतात.

आता लूक १५ उघडून ताडून पाहा. शुभवर्तमानात बाप धावत जातो. येथे तो उभा आहे. शुभवर्तमानात थोरला भाऊ शेतात आहे व नंतर घरात येण्याचे नाकारतो. येथे तो दोन पावलांवर उभा आहे. मग रेंब्रांट चुकला काय? नाही. त्याने गोष्टीची नक्कल केली नाही, गोष्टीचा विचार केला. धावण्याचा क्षण संपल्यावर जो निःशब्द क्षण येतो तो त्याने निवडला, आणि ज्याला क्षमा आवडत नाही त्या भावालाही त्या क्षणासमोर आणून उभे केले.

हे त्याला कसे साधले? १६३५च्या सुमारास, तरुण, नामांकित व पैसेवाला असता, त्याने एक चित्र काढले होते : हाती मद्याचा पेला उंचावलेला उधळ्या पुत्र मेजवानीत बसला आहे. त्यातील पुत्राचा चेहरा रेंब्रांटचा स्वतःचा आहे आणि मांडीवर बसलेली स्त्री त्याची पत्नी सास्किया. १६४२ साली सास्किया वारली. १६५६ साली त्याचे दिवाळे निघाले व घरातील चीजवस्तूंची यादी झाली. १६६८ साली त्याचा तरुण मुलगा टीटस वारला; पुढच्या वर्षी तो स्वतः गेला. परतण्याचे हे चित्र ह्या शेवटच्या वर्षांतील आहे. मेजवानीतला तो तरुण तीस वर्षांनी कोठे आला, हे त्या मळलेल्या तळव्यात दिसते. चित्र दृष्टान्ताचे आहे, आणि काढणाऱ्याचेही आहे. आमच्या वर्गातील सायकलही अशीच होती.

७. साडी नेसलेली मरिया

आता आपल्याकडचे एक उदाहरण. आंजेलो द फोन्सेका ह्यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांतु इस्तेव्ह ह्या बेटावर झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते काही काळ शिकले, परंतु तेथील पाश्चात्त्य धाटणी त्यांना मानवली नाही. ते शांतिनिकेतनास गेले; अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस हे त्यांचे गुरू. गोव्यात परत आल्यावर त्यांनी मरियेला साडी नेसवली. अनवाणी पायांची, सावळ्या वर्णाची, आपल्या गावच्या विहिरीवर दिसावी अशी ती आई.

पोर्तुगिजांच्या अमलाखालील त्या काळच्या गोव्यात हे अनेकांना रुचले नाही. टीका झाली, आणि फोन्सेका पुण्यास आले. शिवाजीनगर येथील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांस आसरा मिळाला. हा आश्रम अँग्लिकन मिशनरी विन्स्लो ह्यांच्या प्रयत्नांतून उभा राहिलेला. फोन्सेका स्वतः रोमन कॅथलिक. कोणत्या चर्चचा हे न विचारता एका चर्चने दुसऱ्या चर्चच्या चित्रकाराला भिंत दिली, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९६७ साली पुण्यातच ते वारले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पुढे, २००६ साली, त्यांच्या पत्नीने पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रास दिला. ज्या गोव्यातून ते निघाले त्या गोव्यात त्यांची चित्रे परत आली.

साडी नेसलेली मरिया इतिहासाला धरून नाही, असा आक्षेप आजही ऐकू येतो. खरे आहे; मरिया साडी नेसत नव्हती. पण इटलीच्या चित्रकारांनी काढलेली निळ्या झग्यातील गोरी मरिया तरी नासरेथची होती काय? ती त्यांच्या गल्लीतील आई होती. त्यांनी आपली आई काढली तेव्हा ते शास्त्रीय ठरले, आणि आपण आपली काढली तेव्हा ते विचित्र कसे? रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाच्या छंदात ख्रिस्ताचे गुण गायिले आणि आपण ते उपासनेत टाळ-मृदंगावर म्हणतो. कानांना जे आपले वाटते ते डोळ्यांना परके का वाटावे?

८. मग येशूचा चेहरा कोणता?

आपल्या कित्येक घरांत एक तसबीर असते : तपकिरी केस, वर पाहणारे डोळे, चेहऱ्यावर सोनेरी उजेड. ती शिकागोच्या वॉर्नर सॉलमन ह्या चित्रकाराने १९४० साली रंगवली. तिच्या पन्नास कोटींच्या वर प्रती छापल्या गेल्या असे सांगतात. ती इतक्या घरांत गेली की मुले तिला येशूचा फोटोच समजतात. मीही लहानपणी समजत होतो.

चारही शुभवर्तमानांत येशूच्या चेहऱ्याचे एका शब्दानेही वर्णन नाही. दूरा येथे तो बिनदाढीचा तरुण आहे. रेंब्रांटच्या घराच्या आसपास यहूदी वस्ती होती, आणि त्याने काढलेल्या येशूच्या चेहऱ्यांत त्या शेजाऱ्यांची छाया आहे असे मानतात. फोन्सेकांच्या चित्रांत तो आपल्या देशाचा आहे. ह्यांपैकी एकही फोटो नाही. प्रत्येक चित्र ही एक साक्ष आहे. साक्षीदार स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो व स्वतःच्या भाषेत सांगतो. धोका चित्र काढण्यात नाही. एकच चित्र खरे मानून बाकीचे पुसायला लावण्यात आहे. वासराच्या वेळीही लोकांना हेच हवे होते : एक रूप, हाताला लागणारे, पुन्हा विचार करावा लागणार नाही असे.

९. शिक्षकांसाठी चार सूचना

(१) गोष्ट सांगितल्यावर तक्ता लगेच दाखवू नका. आधी मुलांना काढू द्या. तक्ता आधी दाखवला की मुले गोष्ट न काढता तक्ता काढतात.

(२) "हे काय काढलेस?" असे न विचारता "ह्याच्याविषयी मला सांग" असे म्हणा. पहिल्या प्रश्नाने मूल चाचरते. दुसऱ्याने ते बोलू लागते.

(३) एकाच प्रसंगाची दोन-तीन निरनिराळी चित्रे दाखवा व ती शास्त्रपाठाशी ताडून पाहावयास लावा. चित्रकाराने काय ठेवले, काय गाळले, काय वाढवले, हे मुले आपल्याहून लवकर ओळखतात.

(४) देवाचे चित्र कसे काढू, असे एखादे मूल विचारील. त्याला दटावू नका. सभास्थानातील त्या हाताची गोष्ट सांगा, आणि देवाने काय केले ते काढावयास सांगा.

आता त्या मुलीविषयी सांगून थांबतो. घरी ती हकिकत कळल्यावर पुढल्या रविवारी मी वर्गात सर्वांसमक्ष तिला म्हणालो की, तुझे चित्र बरोबर होते, चूक माझी होती. आणि तिला नवा कागद दिला. मला वाटले होते ती पुन्हा सायकल काढील. तिने एक फूल काढले, तक्त्यातल्यासारखे, सुबक. मी ते घेतले व छान आहे असे म्हणालो. सायकल तिने पुन्हा काढली नाही. तुमच्या वर्गात असा एखादा कागद हाती येईल, तेव्हा घाई करू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

विचारासाठी प्रश्न

१. निर्गम ३२:२-३ व ३५:२२ एकापुढे एक वाचा. दोन्ही वेळी लोकांनी सोने का दिले? हेतूंत काय फरक होता?

२. पितळेच्या सर्पाचे जे झाले ते आपल्या मंडळीतील कोणत्या चांगल्या वस्तूच्या किंवा रिवाजाच्या बाबतीत होऊ शकेल?

३. दूरा येथील मंडळीने बाप्तिस्म्याच्या खोलीसाठी ते प्रसंग निवडले. आपल्या उपासनामंदिरात एकच प्रसंग रंगवावयाचा असेल तर आपण कोणता निवडाल, आणि का?

४. चांगल्या शोमरोन्याचे चित्र आपल्या गावच्या रस्त्यावर काढावयाचे असेल तर पडलेला माणूस कोण असेल? बाजूने निघून जाणारे कोण असतील? थांबणारा कोणत्या वाहनावर असेल?